रत्नागिरीच्या थोडं पुढं, तेवढंच वर

"अगं, ते अंतराळ आहे, तुमची खाडी नव्हे!" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या आणि अख्खी नववी फिदीफिदी हसली.

पनवेलची शाळा. तालुक्याच्या प्रश्नमंजुषेसाठी निवड चालली होती. अंतराळ स्थानक पृथ्वीपासून किती उंचावर फिरतं? मी उठले. "चारशे किलोमीटर. रत्नागिरीच्या थोडं पुढं जाऊ ना, तेवढंच वर." इथंच फसले. आम्ही कोळी. आमच्यात अंतर असंच सांगतात, बंदरांच्या नावांनी. बापाच्या होडीत रेडिओ असायचा. त्यावर ऐकलेलं त्यानं मला असंच सांगितलं होतं, दिवेलागणीला आभाळातून सरकणारा ठिपका दाखवत.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, छत्तीस हजार. ती उंची टीव्हीच्या उपग्रहांची. मी तसं म्हणाले.

"उलट बोलतेस? वडिलांना घेऊन ये. तुझं नाव कट."

माझ्या जागी डॉक्टरांची मुलगी गेली.

दुसऱ्या दिवशी बाप आला. धुतलेला सदरा, हातात पिशवी, पिशवीत ताजा जिताडा. खाडीतला सगळ्यात भारी मासा. तो घरात शिजत नाही, साहेबाला नाहीतर मास्तरांना जातो. रीतच तशी.

मी शाळेच्याच वाचनालयातलं पुस्तक उघडून धरलं. सुमारे चारशे, छापलेलं. बाईंनी वाचलं. मिटलं.

"मुद्दा तो नाही. मुद्दा वागण्याचा आहे."

बापानं हात जोडले. "बाई, पोरीचं चुकलं. आमी खाडीची मानसं, आमाला काय कलतंय?"

अरे बाबा! ज्यानं मला आभाळ दाखवलं तोच असं म्हणत होता. काळीज फाटलं माझं. बाईंनी नाकाला पदर लावला. "तो मासा आमच्या घरी पोचवा. मागच्या दारानं."

मी पिशवी हिसकावून घेतली. "जिताडा नाय मिलनार. माझं चुकलं नाय."

वाटलं, बाप बाहेर आल्यावर थोबाडीत देईल. तो नुसता चालत राहिला. पुलाजवळ आल्यावर हळूच म्हणाला, "पर चारशेच ना गो?"

आपल्याच कानांवरचा भरवसा गेला होता त्याचा. "व्हय बाबा, चारशेच," म्हटलं. पण तो ठिपका त्यानं मला परत कधी दाखवला नाही. मी बोट दाखवलं तरी जाळ्यातच बघत राहायचा.

प्रश्नमंजुषेचं दुःख कधीच सरलं. हे सरत नाही.

त्या संध्याकाळी जिताडा आम्हीच खाल्ला, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हाच ठरवलं, बरोबर असताना माफी मागायची नाही. आणि माझ्यापायी बापाला पुन्हा कुणापुढं हात जोडू द्यायचे नाहीत.

बाई, आजही सांगते. चारशे.