बांधावरून केलेली प्रार्थना

लम्पीच्या साथीत मी माझ्याच गोठ्याला परका झालो होतो. लोक अजून विचारतात, आबा, असं कसं वागलात? प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा लिहून टाकतो. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, मात्र कुणाला दाखवून दुरुस्त करून घेणार नाही.

आमचं गाव लासुर्ण्याच्या अलीकडं. ऊस वर्षाकाठी पैसा देतो, पण रोजची चूल पेटते दुधावर, म्हणून दारोदार जर्शी गाया. येशूवर विश्वास ठेवणारी आमची घरं मोजकीच. रविवारी माझ्या शेताच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडात जमायचं, बारामतीहून पास्टर मोटारसायकलवर यायचे.

साथ आली तशी गाव गप झालं. गाईच्या अंगावर गाठी उठायच्या, पाय सुजायचे, वैरण तोंडात धरायची नाही, आणि मग गाय बसायची. बसलेल्या गाईला उठवलं नाही, कूस बदलली नाही, तर ती खालच्या अंगानं सडते. उठवायला पोटाखालून पोती सारून सहा गडी लागतात. पण शेजारी शेजाऱ्याच्या दारात फिरकेना, जो तो आपल्या दावणीसाठी भ्यालेला. आम्ही शेडात गावासाठी प्रार्थना करत होतो. एका रविवारी ती फारच लांबली. मी मधेच उठलो नि म्हणालो, "प्रभूनं ऐकलं असंल. आता पोती घ्या."

त्या दिवसापासून आम्ही गोठे फिरायला लागलो. गाय उठवायची, जखमा कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायच्या, अळ्या काढायच्या, आणि निघताना तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची. प्रार्थना मीच करायचो. माझ्यासारखा आवाज आमच्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

रस्त्यापलीकडचा शेजारी माळकरी. आमच्या शेडातल्या गाण्यांवरून त्याचं नि माझं दोनदा वाजलेलं. त्याची गाय बसली तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "आबा, या. पर गाईचा बाप्तिस्मा करू नगा म्हंजे झालं."

"आधी उभी तर ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "पान्यात कुनी बसलेली गाय बुडवतं व्हय?"

हसला बिचारा. बऱ्याच दिवसांत हसला नसावा.

मग जनावरांचे डॉक्टर आले, आणि त्यांनी आम्हाला रस्त्यातच अडवलं. "आजारी गोठ्यातून चांगल्या गोठ्यात जाऊ नका. माशा नेतात तसा तुमच्या हातापायांवरून, कपड्यांवरून रोग जाईल. ज्याच्या घरी निरोगी जनावर आहे त्यानं आजारी गाईला शिवायचं नाही."

पास्टरांनी लगेच मान्य केलं. ते तसेही गोठ्यात शिरत नसत, औषधं आणून दारातून द्यायचे. म्हणाले, "आबा, तुमच्या घरी गाभण गाय आहे. तुम्ही घरी बसून प्रार्थना करा. प्रभूला लांबचंही ऐकू येतं."

"त्यास्नी ऐकू येतं वो," मी म्हणालो. "पर हात लावल्याबिगर मला प्रार्थना केल्यासारखी वाटत न्हाय."

आमच्या म्हातारीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हे ऐकलं. ती गाय तिची. कालवड होती तेव्हापासून तिनंच वाढवलेली, आणि दिवस भरत आलेले. ती माझ्याशी भांडली नाही. माझं अंथरूण उचललं नि शेडात नेऊन टाकलं. "लोकांच्या गाया उठवायच्या तर उठवा. पर माझ्या गोठ्यात यायचं न्हाय आन घरात बी न्हाय."

मी म्हटलं, बरं, नि आजारी गाया उठवत राहिलो. माघार घेणं मला कधी जमलं नाही.

तेव्हापासून भाकरी बांधावरच्या दगडावर यायची. म्हातारी ठेवून मागं सरायची, मग मी उचलायचो. आमची गाय माझ्या चाहुलीनं हंबरायची, नि मी पाठ फिरवायचो. शेडात टेकलो की गाय दिसावी म्हणून उठायचो, बांधावर गेलो की माझ्यापायीच तिला काही होईल म्हणून मागं फिरायचो. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं.

एका दुपारी गोठ्यातून म्हातारीची हाक आली. गाय वेणा देत होती, एक खूर बाहेर आला होता, दुसरा दिसत नव्हता. मी बांधाशी पळत गेलो. त्याच वेळी पास्टर औषधं घेऊन आलेले.

"पास्टरसाहेब, तुमी आत जा," मी म्हणालो. "तिला गडी पायजे."

"मी? आबा, मी कधी गाईची धारसुद्धा काढली नाही."

म्हातारी आतून ओरडली, "काढू नगा. नुसतं वढा. हात धुवा आन या."

ते बाह्या सारून गेले. मला अर्धंच दिसत होतं. मी बांधावरून सांगत होतो, दोरी खुरावर बांधा, गाय जोर करंल तवाच ओढा, हिसका देऊ नका. म्हातारी आत हात घालून दुमडलेला पाय सरळ करत होती. माझा एक पाय नकळत बांधाखाली गेला.

"खाली उतरला तर बघा," ती म्हणाली. "इतके दिस एकटीनं राखलीया. गप ऱ्हावा आन प्रार्थना करा."

मी पाय मागं घेतला. डोळे मिटले, पण हात कुठं ठेवावा कळेना. शेवटी कमरेवर ठेवला. एरवी गोठाभर घुमणारा माझा आवाज, त्या दिवशी ओठांतून बाहेर पडेना. प्रभू, गाय, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिलो.

"कालवड हाय," म्हातारीची हाक आली. "दोगी बी बऱ्या हायत."

पास्टर बाहेर आले ते कोपरापर्यंत भरलेले, शर्टाची दशा झालेली, आणि तोंडभर हसत होते. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या गोठ्यातली कालवड, नि तिला ओढून बाहेर काढलं बारामतीच्या माणसानं.

मी पोती उचलली नि रस्ता ओलांडला. माळकऱ्याच्या गाईची कूस बदलायची वेळ झाली होती.

ती गाय वाचली नाही. दोन दिवसांनी गेली. तिच्यावर मी रोज हात ठेवला होता. खड्ड्यात मीठ टाकताना तो माळकरी म्हणाला, "आबा, तुमी लई केलंत." मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "माती लोट."

साथ ओसरल्यावर मी पास्टरांना विचारलंच. "जिला हात लावला ती गेली, आन बांधावरून पुटपुटलो ती वाचली. ह्ये कसं?"

मला वाटलं, आता बायबलातलं वचन काढतील. ते म्हणाले, "आबा, मला माहीत नाही."

प्रभूला लांबूनही ऐकू येतं हा त्यांचा मुद्दा त्यांनी दामटला नाही, म्हणून मीही माझा सोडलेला नाही. आजही कुणाचं जनावर आजारी पडलं की मी जातो, डॉक्टरांना विचारून जातो, आणि हात लावूनच प्रार्थना करतो. फक्त आता प्रार्थना करताना डोळे उघडे ठेवतो, गाय काय करते ते बघत.