तांबडी चुंबळ

बँडमधलं सगळ्यांत मोठं वाद्य माझ्या वाट्याला आलं ते माझ्या उंचीमुळे. माझ्यात फार दम होता असं काही नाही. अंगाभोवती वेटोळं घालून डाव्या खांद्यावर बसणारा तो पितळी भोंगा. आम्ही त्याला बास म्हणायचो. उजव्या हातानं दट्टे दाबायचे, डाव्यानं सावरायचं आणि भार सगळा खांद्याच्या हाडावर. मी हाडकुळा. पहिल्याच लगीनसराईत खांदा सोलून निघाला. खांद्यावर जड वाद्यं घेणारे बाकीचे कोटाखाली दुपट्ट्याची घडी घालत, एकानं सायकलची जुनी ट्यूब कापून लावली होती. घडी चालता चालता घसरायची, ट्यूब घामानं चिकटायची. आणि बँडचे मालक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणत असू, त्यांचा दंडक एकच, "कोटाच्या भाईर चिंधी दिसली नाई पायजे."

माझी बायको त्याच बँडसोबत वरातीत गॅसबत्ती घेऊन चालायची. डोक्यावर चिंध्यांची गोल चुंबळ, चुंबळीवर बत्ती. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नालवाडीला एका खोलीत राहत होतो आणि दोघांनाही काम मिळतंय म्हणून खूश होतो.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सिंदी मेघेत वरात होती. दिवस मावळायच्या आतच बत्त्या पेटवून आम्ही निघालो. पहिल्या थांब्यावर मी बास खाली ठेवला आणि पुन्हा उचलताना माझ्या तोंडून आवाज निघाला. बायकोनं तो ऐकला. तिनं बत्ती एका ओट्यावर टेकवली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि माझ्या कॉलरखाली सरकवली.

"आन् तू?" मी विचारलं.

"मले सवय आहे. तुमाले जास्त लागून राह्यलं."

तिनं पदराची घडी डोक्यावर घेतली आणि त्यावर बत्ती ठेवली. त्या संध्याकाळइतका मोकळा बास मी कधी वाजवला नव्हता. खांदा आहे हेच विसरलो. पदराची घडी किती पातळ असते, हा विचार मला त्या वेळी शिवलासुद्धा नाही.

मांडवाजवळ आलो तशी नवरदेवाकडच्या एकाची नजर माझ्या कॉलरवर गेली. "अरे पाहा रे! हा भोंगेवाला त पानी भराले निंगाला!" सगळी वरात हसली. बायकांच्या डोक्यावरची वस्तू पुरुषाच्या खांद्यावर, यापेक्षा मोठी करमणूक लोकांना दुसरी कोणती? मास्तरांनी धावत येऊन ती चुंबळ उपसून काढली.

"काऊन रे, हे काय होय?"

मी लगेच म्हणालो, "हिनंच कोंबली, मास्तर. मी नाईच म्हनत होतो."

लगेच म्हणालो. त्या लगेचची मला आजही लाज वाटते. विचार करून खोटं बोललो असतो तर निदान विचार तरी केला असता.

मास्तरांनी चुंबळ रस्त्यावर फेकली. ती बायकोपासून दोन हातांवर पडली. पण डोक्यावर पेटती बत्ती असलेल्या बाईला वाकता येत नाही. ती चुंबळ मी उचलायला हवी होती. मास्तरांनी इशारा केला, मी गाल फुगवले आणि वाजवत पुढे गेलो. घरी आल्यावर ती केस सोडून बसली तेव्हा टाळूवर बत्तीच्या बुडाचा लाल वळ दिसला. मी तोंड फिरवलं.

तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. चुंबळीचा उपयोग होतो, फक्त ती बाहेरून दिसते एवढंच वाईट, असा तिनं हिशोब केला असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपलेलो असताना तिनं सुतळीनं माझा खांदा मोजला. कापसाच्या जिनिंगमधली रुई आणली, रुई दबू नये म्हणून खाली गोणपाटाचा थर दिला आणि खोगिरासारखी पुढं-मागं उतरती अशी गादी शिवली. काखेखालून बांधायला दोन नाड्या लावल्या. वरचं कापड आमच्या कोटाच्या रंगाचं, भडक तांबडं. ते तिच्या लग्नातल्या लुगड्याचं होतं. मी अंगावर चढवली तेव्हा ती दोन पावलं मागं सरकून म्हणाली, "आता शोधा म्हना चिंधी!"

खरंच दिसत नव्हती. पुढच्या वरातीनंतर मास्तरांनीच मला बाजूला घेतलं. "आज बास लयच दमदार वाजला. काय केलं?" मी कोट उघडून दाखवलं. त्यांनी गादी चाचपली, नाड्या ओढून पाहिल्या. "हे डोकं कोनाचं?"

रस्त्यावरची ती चुंबळ मला आठवली. बायकोचं नाव घेतलं तर ती चुंबळ त्यांनाही आठवेल, पुन्हा हसतील, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर कौतुक गोड लागत होतं. मी म्हणालो, "माहंच."

"चार अजून करून आन."

घरी येऊन तिला सांगितलं. ती हरखली. पेटीतून उरलेलं लुगडं काढताना तिनं विचारलं, "म्या केली म्हून सांगतलं का त्यायले?"

"सांगतलं ना," मी म्हणालो.

तिनं उरलेलं सगळं लुगडं कापलं.

चार दिवसांनी वरात जमत असताना गाद्या बांधलेले चौघंही खुशीत होते. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "तुयं डोकं भलतंच चालते गड्या! मास्तरही म्हनत होते." बायको माझ्या पुढं होती, बत्ती डोक्यावर घेऊन उभी. बत्ती असली की मान वळवता येत नाही. त्यामुळे मला तिचं तोंड दिसलं नाही, आणि मी पुढं जाऊन पाहिलंही नाही. वरात निघाली तशी ती रोजच्यासारखी चालू लागली.

नंतर बँड सुटला. मी वाचनालयात शिपाई झालो, तिथं वाचायची आणि लिहायची खोड लागली. इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, एका नव्या बँडचा मालक कुणाकडून तरी ऐकून ती गादी पाहायला घरी आला. पेटीतून काढून दिली. रंग उडालाय, नाड्या मात्र शाबूत आहेत. "कोनं केली हो ही?" त्यानं विचारलं. बायको दारात होती. मी तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, शब्द जुळवत होतो.

"यायनंच," ती माझ्याकडे हात करून म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मी चहा प्यालो. तो मालक गेला. मी तेव्हाही काही बोललो नाही, म्हणून आज हे सगळं कागदावर उतरवतोय. ती पलीकडे तांदूळ निवडत बसली आहे. मघाशी तिनं विचारलं, एवढं काय लिहून राह्यले? मी म्हटलं, असंच, जुनं काही. तिला वाचता येत नाही.