पाहुणीची बाटली

परदेशी पाहुण्यांवर माझा विश्वास नाही. दसऱ्याच्या आसपास ते आमच्या वस्तीत येतात, आईला दीक्षेच्या दिवसाबद्दल विचारतात, फोटो काढतात आणि जातात. त्यामुळे भाचीने अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या काळ्या बाईंना घरी आणलं, तेव्हाच माझं डोकं सटकलं. आता या काय नेणार, असं म्हणतच मी दार उघडलं.

आईची एक रीत आहे. पाहुणा कोणीही असो, आधी पितळी पेल्यात पाणी देते आणि तो पितो का ते पाहत बसते. लहानपणी कुहीकडच्या गावात विहिरीपाशी ओंजळ धरून ती ताटकळत उभी राहायची, एवढंच मला मावशीकडून ठाऊक. आई त्यावर कधी बोलली नाही. या वयात स्वतःच्याच घरात तिचा अपमान होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

बाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला, हसल्या आणि खाली ठेवला. मग पिशवीतून स्वतःची बाटली काढून प्यायल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यांच्या पोटाला बाहेरचं पाणी सोसत नाही," भाची घाईने म्हणाली. असली कारणं मी ऑफिसात जन्मभर ऐकली आहेत. उपवास आहे, पित्त झालंय, आत्ताच चहा घेतला.

बाई सांगू लागल्या, भाची मराठीत सांगत गेली. कॉलेजात असताना या आणि यांच्या मैत्रिणी गोऱ्यांच्या हॉटेलात काउंटरवर जाऊन बसल्या. काळ्यांना तिथे बसून खायची बंदी होती. लोकांनी डोक्यावर सॉस ओतला, केस ओढले, तरी त्या उठल्या नाहीत. वा, म्हटलं मी मनात, आणि आमच्या घरी मात्र बाटली.

आईची नजर पेल्यावरच होती. "पाणी तरी देलं का वं हिले तिथं?" तिने भाचीला विचारलं.

भाचीने विचारून सांगितलं, "नाही देलं, आजी."

आई उठली. बाईंच्या हातातली बाटली घेतली, तोंड लावून प्यायली आणि परत त्यांच्यापुढे धरली. बाईंच्या मांडीवर रुमाल होता. आता पुसतील, मी पाहत होते, आता पुसतील.

त्यांनी न पुसताच बाटली तोंडाला लावली.

आई त्यांच्या शेजारी टेकली. "हिले सांग," ती भाचीला म्हणाली, "मी विहिरीचं सांगतो."

बाईंचा मोबाइल बंद आहे ना, ते मी आधी पाहिलं. मग मीही ऐकायला खाली बसले.