नव्याने आधी बोलायचं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, मी काश्मीरच्या वरच्या भागातल्या एका पोस्टवर पोचलो. वय वीस. गाव परभणीकडचं ताडकळस. बर्फ त्याआधी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला.

ट्रेनिंग सेंटरमध्ये एकच गोष्ट पक्की शिकलो होतो. हाताची घडी, तोंडावर बोट. नव्या जवानाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तरी "नो डाउट, सर" म्हणून मोकळं व्हायचं. पोस्टवरही तसंच असेल, वर शिव्या मिळतील, अशी मनाची तयारी करून गेलो होतो.

पहिल्या संध्याकाळी सेक्शन कमांडर हवालदार नारायण जगताप यांनी माझ्यासमोर गरम पाण्याची बादली ठेवली आणि म्हणाले, "पाय घाल." मग माझी बोटं एकेक दाबून पाहिली, कुठे सुन्न झालंय का ते. मी लाजेने लाल झालो. हवालदाराने जवानाचे पाय हातात घ्यायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझा बडी, म्हणजे जोडीदार, लान्स नायक गुरव हसून म्हणाला, "लाजू नको, नव्या नवरीवानी. सगळ्यांचे बघत्यात ते."

त्या सेक्शनची एक रीत होती. रोज सकाळी साडेसहाला ओ ग्रुप व्हायचा. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, कुठे जाणार, कोण पुढे, कोण मागे, सगळे हुकूम तिथे मिळायचे. हुकूम सांगण्याआधी जगताप उस्ताद सगळ्यात नव्या जवानाला विचारायचे, "काय दिसतंय?" तो बोलल्याशिवाय पेट्रोल हलायची नाही. लोकांचा रिवाज सगळीकडे उलटा असतो, सगळ्यात जुना आधी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. मी एकदा धीर करून कारण विचारलं.

"नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना," उस्ताद म्हणाले. "तेच नऊ दिवस मला पाहिजेत. आमचे डोळे आता सवयीचे झालेत. त्यांना रोजचंच दिसतं."

पहिले चार दिवस मी काहीबाही सांगत राहिलो. दोरीची गाठ सैल आहे, रॉकेलचा डबा गळतोय. एकदाही कुणी हसलं नाही. डब्याला त्याच दिवशी एम-सील लागलं.

पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता मी पहाऱ्यावर होतो. समोरच्या उतारावर, वरच्या अंगाला, मला एक निळसर रेघ दिसली. वैशाखात आमच्या काळ्या रानाला भेगा पडतात, शेळीचा पाय अडकतो, त्यामुळे भेग मला लांबूनही ओळखू येते. पण ही बर्फातली होती. बर्फातलं मला काय कळतं? उगीच बोलायचो आणि हसं व्हायचं. गप्प बसलो. ट्रेनिंग सेंटर अजून अंगातून गेलं नव्हतं.

सहाव्या दिवशीची पेट्रोल त्याच उतारावरून जायची होती. सात जण. उताराच्या पायथ्याशी तंबूत आमचे दोन सिग्नलवाले होते, त्यांना रेशन पोचवायचं होतं.

साडेसहा वाजता उस्तादांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"काही नाही, उस्ताद."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अॅम्युनिशनच्या रिकाम्या पेटीवर बसले. "मग मी पण बसतो."

सहा जण पाठीवर सामानाचे पिठ्ठू लावून थंडीत उभे. कुणी कुरकुरलं नाही. सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या तोंडून निघालं, "उस्ताद, त्या उतारावर भेग हाय. रेघेवानी दिसायलीय."

त्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघत राहिले. "चार महिने झाले मला इथं. मला दिसली नाही," एवढंच बोलले आणि पेट्रोल रद्द केली. मग रेडिओ उचलला.

"टू फॉर वन. तंबू सोडा. आत्ता. ओव्हर."

"वन फॉर टू. एकाचा पाय सुजलाय. चालता येत नाही. ओव्हर."

उस्ताद स्वतः निघाले. बरोबर फक्त गुरव. "जास्त माणसं उतारावर नकोत," म्हणाले. मी पुढे झालो तर मला हाताने मागे सारलं. "तुझं काम झालं. तू नजर ठेव."

आठ वाजता ते तंबूपाशी पोचले. परतताना एकेकाला सोडलं. आधी गुरव, पाठीवर सुजलेल्या पायाचा सिग्नलवाला. मग दुसरा सिग्नलवाला. स्वतः शेवटी. तिघं पलीकडे लागले तेव्हा उस्तादांनी कंपनी कमांडर साहेबांना शेवटचा मेसेज दिला. तो मी रेडिओवर ऐकला.

"सर, भेग रुंद झालीय. नवा बरोबर बोलला होता. आउट."

आठ वाजून चाळीस मिनिटांनी उतारावरचा सगळा बर्फ सुटला. उस्ताद तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडले.

पण त्याआधी दुसरी सकाळ आली. साडेसहा वाजता ओ ग्रुप झाला. पेटी रिकामी होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. गुरव उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सेक्शनमध्ये नवा अजूनही मीच होतो.

"काय दिसतंय?"

मला रडू फुटलं. म्हणालो, "भेग म्या आदल्या दिवशी चार वाजताच पाहिली होती. सांगितलं न्हाई."

मला वाटलं, आता हे मला फाडून खाणार. पण गुरव म्हणाला, "आता सांगितलंस न्हवं? पुढं बोल. आज काय दिसतंय?"

अशा माणसांमध्ये मी घडलो. पुढची सोळा वर्षं मी बघितलेलं कधी पोटात ठेवलं नाही.

आता मी परभणीजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात सुरक्षा सुपरवायझर आहे. सकाळी पावणेआठला गार्डांची हजेरी घेतो. परवा गंगाखेडकडच्या सुरेखाबाई नव्याने लागल्या. आधी ऊसतोडीला जायच्या. मी त्यांनाच पहिलं विचारलं, "काय दिसायलंय?"

आमचे सगळ्यात जुने गार्ड शेखचाचा म्हणाले, "साहेब, कालच तर आली बाई. तिला काय इचारता?"

"काय न्हाई, साहेब," त्याही म्हणाल्या.

मी खुर्ची ओढली. "मग मी पण बसतो."

चार मिनिटं गेली. मग पदर सावरत त्या म्हणाल्या, "आगीच्या त्या लाल बादल्या हायत ना साहेब, त्यांच्याम्होरं कापसाच्या गाठी रचल्यात. आग लागली तर हात कसा पोचायचा?"

शेखचाचांनी मागे वळून पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. मी तर रोज त्या गाठींना वळसा घालून जात होतो. तासाभरात गाठी हलल्या, आणि पहिली ढकलायला शेखचाचाच पुढे झाले.

दुपारी चहाच्या वेळी सुरेखाबाईंनी विचारलं, "साहेब, ही रीत कुणाची हो?"

"हवालदार नारायण जगताप. माझे पहिले साहेब."

"आता कुठं असत्यात?"

मी सांगितलं. आणि मी किती उशिरा बोललो, तेही सांगितलं. चौदा तास चाळीस मिनिटं.