आदिस अबाबातला माझा पोटभर उपवास

काल पुण्याहून भाचीचा फोन. "मावशी, ऑफिसच्या कामाला आदिस अबाबाला चाललेय. तू गेली होतीस ना? टिप्स दे!" ...आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

दोन हजार एक-दोनची गोष्ट असेल. आम्ही दुबईत अल मनखूलला राहायचो. ऑफिसने मला इथिओपियाच्या राजधानीत एका क्लायंटकडे पाठवायचं ठरवलं आणि अख्ख्या बिल्डिंगने मला आफ्रिका शिकवायला घेतली... स्वतः कुणीही तिथे गेलेलं नसताना!

खालच्या डिसोझा आंटी म्हणाल्या, "गर्मी तर विचारूच नको!" समोरचे कुलकर्णी म्हणाले, "शाकाहारी माणसाचे हालच हो तिथे." लेकाने बजावलं, "मम्मा, डोन्ट पेट द लायन्स, ओके?"

मग काय, सगळे सुती कपडे भरले. आणि थालीपीठं, चिवडा, मेतकुटाची एक वेगळी बॅग.

आदिसला उतरले आणि दात वाजायला लागले. शहर डोंगरात, उंचावर... हवा थेट महाबळेश्वरची! त्यात सामानात खाऊची बॅगच नाही. हॉटेलवरून घरी फोन लावला. मला एअरपोर्टवर सोडून गेलेला नवरा शांतपणे म्हणाला, "अगं, ती डिकीतच राहिली... थालीपीठं मात्र झकास झालीयेत हं."

दोन दिवस ब्रेड आणि केळ्यांवर काढले. बुधवारी क्लायंटच्या मॅनेजर, आल्माझबाई, मला जेवायला घेऊन गेल्या. माझ्याच वयाच्या, हसऱ्या.

"मी व्हेजिटेरियन आहे."

"बरं, मग चिकन?"

"नाही."

"मासे तरी?"

"नाही हो..."

बाईंचा चेहरा पडला. यजमान नाराज, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट खलास! सुटका म्हणून मी ठोकून दिलं, "आज माझा उपवास आहे."

बाई एकदम खुलल्या. "मग आधी सांगायचं ना! माझाही आहे!" आणि वेटरला त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी सांगितलं.

परातीएवढं ताट आलं. आंबोळीसारखी मऊ, आंबूस इंजेरा पसरलेली आणि तिच्यावर मसूर, चणाडाळ, कोबी-बटाटा, पालेभाजी... तिथे कितीतरी लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात. त्याला मांस, अंडी, दूध चालत नाही. डाळी मात्र खुशाल चालतात! आमच्या सासूबाईंनी पाहिलं असतं तर चक्कर आली असती.

मी अक्षरशः तुटून पडले. आल्माझबाई कौतुकाने बघत होत्या. मग त्यांनी चांगला मोठा घास केला आणि सरळ माझ्या तोंडासमोर धरला. "आमच्यात आवडत्या माणसाला असं भरवतात."

लग्नात नवऱ्याने मला घास भरवला होता, तोही फोटोग्राफर मागे लागला म्हणून. इथे परवा ओळख झालेली बाई आपणहून भरवत होती... मी तो खाल्ला आणि तेवढाच मोठा घास करून त्यांना भरवला. दोघींनाही धड बोलता येईना, इतकी तोंडं भरलेली.

थँक यू, आल्माझबाई. कुठे असाल तिथे कुणीतरी तुम्हाला असंच भरवत असो.