साळूबाईने मोजलेले श्वास

उत्रोलीची साळूबाई भोरच्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती दुधाची किटली घेऊन. रोग्यांसाठी दूध घालायचं आणि परत फिरायचं, एवढंच तिचं काम. पण तिला माणसांची भारी हौस. कोण कुठला, काय दुखतं, कधीपासून, हे विचारता विचारता ऊन वर यायचं. शेवटी तिथले म्हातारे डॉक्टरच म्हणाले की म्हैस सुनेवर सोपवा आणि इथंच आया म्हणून राहा. साळूबाई राहिली. ते साल एकोणीसशे एकतीस.

तिला अक्षरओळख नव्हती, पण नजर तयार होती. मुतखड्याचा माणूस खाटेवर गडबडा लोळतो आणि आतून पोट सुजलेला माणूस हलायलाही भितो, हे तिनं पहिल्याच वर्षी हेरलं. दमेकऱ्याची शिट्टी श्वास सोडताना वाजते, हे ती दारातूनच ऐकायची. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मोठा काटा एका मिनिटाच्या खुणेवरून पुढच्या खुणेवर जाईतो रोग्याचे श्वास मोजायचे. आकडे लिहिता येत नसले तरी विसाच्या हिशेबात ती कधी चुकली नाही.

दहा वर्षांनी म्हातारे डॉक्टर गेले आणि रघुवीर डॉक्टर आले. तरुण, मनमिळाऊ, कामाला चोख. त्याच वर्षी माघात वेल्ह्याकडचा गेनबा आपल्या सात वर्षांच्या अंबूला बैलगाडीत घालून घेऊन आला. पोरीला दोन दिवस ताप, दोन वांत्या झालेल्या, आणि उजव्या कुशीत पोट असं दुखत होतं की हात लावू देईना. डॉक्टरांनी पोट चाचपलं. ते ताठ लागलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. अपेंडिक्स सुजलं असावं, ते म्हणाले, पुण्याला नेऊन पोट उघडावं लागेल. मोटार दुपारी निघणार होती. पोट उघडणार म्हटल्यावर गेनबानं अंबूचा हात धरला तो सोडेचना.

मोटार येईपर्यंत अंबूचं अंग पुसायला साळूबाई बसली. पुसता पुसता तिनं पोरीला आपल्या म्हशीची गोष्ट सांगायला घेतली. ती म्हैस एकदा वऱ्हाडात घुसून नवरदेवाच्या मुंडावळ्या खाऊन गेली होती. अंबूला हसू आलं, आणि हसताच तिनं कळवळून छातीच्या खालची बाजू धरली. साळूबाई गोष्ट पुढं सांगत राहिली आणि तिचा हात सहज पोटावरून फिरला. पोरीचं लक्ष गोष्टीत होतं, आणि पोट मऊ होतं. मग साळूबाईनं तिच्या नाकाकडं पाहिलं. प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या. तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि मोजायला लागली.

मोजून झाल्यावर ती डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. इतक्या शिकलेल्या माणसाला सांगायचं, म्हणून तिनं आधी पदर सावरला.

"सायेब, पोरीचं श्वास दोन विसा आन् वर बारा. गोष्टीत रमली की पोट मऊ लागतंय. दुखणं छातीत असंल का, एकडाव बघता का?"

डॉक्टर उठले. त्यांनी अंबूला बसवलं, पाठीला नळी लावली, उजवीकडं खाली पुन्हा लावली, आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मग नळी काढून ते साळूबाईकडं वळले.

"न्यूमोनिया आहे. मी पाठ ऐकलीच नव्हती, साळूबाई. पोटातच अडकलो."

मग त्यांनी गेनबाला शेजारी बसवून समजावलं की फुप्फुसाचा खालचा भाग सुजला की कधी कधी लहान मुलांना ते दुखणं पोटात जाणवतं. पुणं नको, कापाकापी नको. जंतू मारणाऱ्या सल्फाच्या नव्या गोळ्या नुकत्याच आल्या होत्या, त्या सुरू झाल्या. गेनबाला निम्मंच कळलं, पण पोट उघडायचं नाही एवढं कळलं, आणि त्यानं डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी अंबूनं पेज बाजूला सारली आणि पिठलं-भात मागितला. साळूबाईनं श्वास मोजले, ते एक वीस आणि वर चार भरले. तिनं तो आकडा डॉक्टरांना असा सांगितला, जणू घरी नातू झाल्याची बातमी.

त्या दिवसापासून कोणताही खोकणारा किंवा पोट धरून आलेला रोगी समोर आला की डॉक्टर आधी विचारायचे, "साळूबाई, किती?" पुढं गावोगावच्या फेरीतही त्यांनी तिला बरोबर नेलं. आंबवड्याच्या देवळात बायका जमवून ती पोरांच्या नाकपुड्या कशा बघायच्या, बरगड्यांखाली खळगा पडतो तो कसा ओळखायचा, ते दाखवायची. ठकुबाई नावाच्या एका पाटलीणबाईनं विचारलं की घड्याळ नसलं तर काय करायचं. साळूबाई म्हणाली, "आजारी पोराशेजारी त्याच्याच वयाचं धडधाकट पोर बसवायचं. त्याचा एक श्वास व्हतोय तवर आजाऱ्याचं दोन झालं, तर गाडी जुंपायची."

त्याच साली पीक निघालं तसा गेनबा आंबेमोहोर तांदळाची गोणी आणि गुबगुबीत झालेली अंबू घेऊन हजर झाला. साळूबाईनं दवाखान्याच्या मागं चूल मांडली आणि सगळ्या रोग्यांना वाफाळता भात वाढला. वासानं रस्त्यावरची माणसंही आत डोकावू लागली, आणि तिनं त्यांनाही पानं मांडली.