पदराचा हुकूम

वत्सलाबाईंच्या मते परळीत गाणारी माणसं होऊन गेली होती, पण ती सगळी आता दफनभूमीत होती. वर उरले होते ते रेकणारे. अशा रेकणाऱ्यांना हाताशी धरून बाईंनी उभा जन्म चर्चचं गायनमंडळ चालवलं.

आणि चालवलं ते पदरानं. लग्न होऊन आल्या तेव्हा मंडळीतले म्हातारे म्हणाले, "बाईमाणसानं पुरुषांपुढं हात नाचवायचे न्हाईत." बाईंनी हात खाली ठेवले. पदर खांद्यावर ओढला की गाणं सुरू, कमरेला खोचला की बंद. म्हातारे मरून गेले, पदर राहिला.

माणसंही त्यांनी कुठून कुठून धरून आणली. नाथा थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यापल्याड म्हशी राखायचा. त्यानं म्हशीला मारलेली हाक ऐकून बाई भर रस्त्यात थांबल्या. "रविवारी चर्चला ये," म्हणाल्या, "म्हशी आणू नको." तेव्हापासून खर्ज नाथाचा.

यंदा नाताळाच्या तोंडावर समितीचा सचिव शहादेव एक चकचकीत साउंड बॉक्स घेऊन तालमीला आला.

"आक्का, पुण्याच्या मोठ्या मंडळाचं गाणं हाय ह्याच्यात. आपल्या लोकायनी निस्तं तोंड हालवायचं."

"कावून? दाताला हवा लागावी म्हणून?"

"आवं, व्हिडिओ काढायचाय. परळीचं लई नाव हुईल. कुनाला कळतंय?"

"देवाला?"

शहादेव दात काढून हसला. "देव काय मोबाइल घिऊन बसलाय का?"

"तुझं थोबाड दिसंल म्हणून घेत नसंल."

बाईंनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. साहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मागच्याच रविवारी हा गृहस्थ सिंहाच्या गुहेत निर्भय उभं राहण्यावर तासभर बोलला होता! आणि गायनमंडळ? समितीनं एकसारख्या साड्या न् सदरे कबूल केले होते, त्यामुळं तिथं नुसत्या माना डुलत होत्या.

"बकऱ्यांनो," बाई म्हणाल्या, "पाला दिसला की निघाल्या! मी खाली बाकावर बसते. माझ्या जिवंतपणी ह्या चर्चात डबा गायला, तर मी पुन्हा पेटीला हात लावणार नाही."

नाताळच्या सकाळी चर्च खच्चून भरलं. शहादेवनं बटण दाबलं. आवाज कसा, तूप ओतल्यासारखा! पुढं आपली मंडळी पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखी तोंडं उघडत-मिटत होती. आणि लोक डोळे पुसत होते. डब्यापुढं रडणारे हे लोक बाईंना बघवेनात. आता इथं थांबण्यात अर्थ नव्हता. त्या उठल्या आणि उठताना सवयीनं पदर खांद्यावर ओढला.

झालं. नाथानं खर्ज लावला, मागोमाग सगळ्यांनी. डब्याचा सूर एकीकडं, ह्यांचा दुसरीकडं. म्हैस आगगाडीच्या भोंग्याशी भांडावी तसा कल्लोळ. पोरी पदरात तोंड खुपसून हसू लागल्या.

"ए नाथ्या, गप बे!" शहादेव पुढच्या रांगेतून दबक्या आवाजात ओरडला.

नाथा गप बसेना. घामाघूम झाला होता, सूर पार बुडाला होता, पण नजर बाईंच्या खांद्यावर. पहिल्यापासून तो डब्याकडं बघतच नव्हता.

दार चार पावलांवर होतं. बुडू दे गाढवाला, बाईंच्या मनात आलं. पण गाढव त्यांनीच शिकवलेलं होतं. त्या वळल्या आणि त्यांनी पदर कमरेला खोचला.

नळ बंद करावा तसं सगळं मंडळ थांबलं. तोंडं मिटली, ती मिटलीच. डबा मात्र थांबेना. मिटलेल्या तोंडांमागून पुण्याचा गोड आवाज पुढची कडवी गात राहिला. आता कुणी हसत नव्हतं, कुणी डोळे पुसत नव्हतं. शहादेव घाईघाईत भलतंच बटण दाबत होता, आवाज आणखी वाढत होता.

गाणं संपलं तसं बाई आपली शपथ गिळून पेटीपाशी जाऊन बसल्या.

"झालं का रे तुझ्या डब्याचं? आता माणसं गातील. वाईट गातील, पण आपल्या गळ्यानं गातील."

सूर दिला. पदर ओढला. बायका नेहमीसारख्या मागं राहिल्या, नाथा नेहमीसारखा पुढं पळाला. पाळकसाहेबांनी रुमाल काढला, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडं बघून नाक मुरडलं.

बाहेर नाथा सलाम करून उभा राहिला. "आक्का, बरं झालं न्हवं?"

"म्हशी बऱ्या," बाई म्हणाल्या. "रविवारी लवकर ये. आणि त्या बकऱ्यांना सांग, साड्या घरी ठेवा, गळा घेऊन या."